काचेच्या लेसरला कडेचं भय

दिल्लीच्या मेटकाफ हाउसमधली डीआरडीओची ‘लास्टेक’ प्रयोगशाळा म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच ‘लेसर’ येतो. पण लास्टेकने हात घातलेला गॅस-डायनॅमिक लेसर वायूवर चालणारा, तर इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात निओडिमियम मिसळलेल्या काचेचे लेसर. वायूला कड नसते. काचेला असते, आणि खरी डोकेदुखी तिथेच.

‘किरण तर काचेच्या तबकडीच्या मधून जातो, कडेचा काय संबंध?’ असं वाटणं साहजिक आहे. पण फ्लॅशलॅम्पने चेतवलेली काच १०५३ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश आपणहून सगळीकडे टाकत असते. त्यातला बराचसा दोन पृष्ठांमध्ये पूर्ण परावर्तन होत आडवा पळतो आणि वाटेत वाढतो. हिशेब मांडून पाहा. दर सेंटिमीटरला ५ टक्के वाढ धरली, तर ८० सेंटिमीटरमध्ये प्रकाश सुमारे ५० पट होतो. उघडी कड सरळ आलेल्या प्रकाशातला ४ टक्के परत पाठवते, फार तिरका आलेला तर सगळाच. पन्नासाचे ४ टक्के म्हणजे २. एकेका खेपेला प्रकाश दुप्पट! कुणी न मागितलेला लेसर आडवाच सुरू होतो आणि साठवलेली ऊर्जा मुख्य किरण यायच्या आतच फस्त करतो. म्हणून ‘दिवे वाढवले की ताकद वाढते’ हेही अर्धंच खरं.

मग चष्म्याच्या काचेवर असतो तसा परावर्तनरोधी थर द्यावा? तो ठरावीक कोनांपुरता चालतो, इथे प्रकाश नाना कोनांतून आदळतो. शिवाय तो प्रकाश बाहेर सोडतो, संपवत नाही. बाहेरच्या धातूवरून तो परतू शकतो. काळा रंग फासणं त्याहून वाईट. सगळी उष्णता त्या पातळ थरात कोंडते आणि रंग उडतो.

खरा उपाय म्हणजे तांबं मिसळलेल्या काचेची पट्टी, कडेला इपॉक्सीने चिकटवलेली. काच, इपॉक्सी आणि पट्टी यांचे अपवर्तनांक इतके जुळवतात की प्रकाशाला सीमा जाणवतच नाही. तो आत शिरतो आणि तांब्याचे आयन त्याला हळूहळू गिळतात. अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या लेसर-केंद्राच्या १९२ किरणांसाठी अशी पट्टी लावलेल्या ३,००० हून अधिक तबकड्या लागल्या.

गिळलेला प्रकाश उष्णता होऊन कडेतच राहतो. त्याने काच किंचित वाकते, किरण बिघडतो. लेसरच्या दोन शॉटांमध्ये तासन्‌तास थांबावं लागतं, त्यामागे दिव्यांच्या उष्णतेबरोबर या कडेचाही हात असतो.