सख्खा भाऊ, पक्का वैरी

एका माणसानं आयुष्यात बाजू तरी किती वेळा बदलावी? वेल्सच्या उत्तरेला ग्विनेद नावाचं राज्य होतं. तिथला राजपुत्र डाविद 1255 मध्ये थोरल्या भावाशी, लेवेलिनशी लढला आणि हरला. भावानं माफ केलं. 1263 मध्ये तो इंग्लंडच्या राजाला जाऊन मिळाला. 1267 च्या तहानं परत आला. 1274 मध्ये शेजारच्या पोविसच्या सरदाराशी संगनमत करून त्यानं लेवेलिनच्या खुनाचा कट रचला. तो का फसला? ऐन वेळी बर्फाचं वादळ आलं म्हणून! मग पुन्हा इंग्लंड. 1277 मध्ये इंग्लंडचा राजा एडवर्ड पहिला वेल्सवर चालून आला, तेव्हा डाविद त्याच्याच फौजेत होता.

आणि मार्च 1282 च्या एका रात्री इंग्रजांच्या हार्डन किल्ल्यावर छापा कुणी घातला? याच डाविदनं.

‘फितूर’ म्हणून आपण मोकळे होऊ. पण या फितुरीचं मूळ एका अतिशय न्यायी कायद्यात आहे, आणि मला ते फार विलक्षण वाटतं. वेल्समध्ये बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जाई. बापानं आपला म्हटलेला अनौरस मुलगाही वाटेकरी. जुनी कायद्याची पोथी तर सांगते की वाटे धाकट्यानं पाडायचे आणि पहिली निवड थोरल्यानं करायची. दोन पोरांत पुरणपोळी वाटताना आई हेच करते ना, एकानं मोडायची, दुसऱ्यानं आधी उचलायची?

शेताला हे छान लागू पडतं. राज्याला? राज्य अखंड ठेवायचं तर भावांचा हक्क बुडवावा लागतो. लेवेलिननं ओवेन या भावाला वीसहून अधिक वर्षं कैदेत ठेवलं. रोद्री या दुसऱ्या भावानं 1272 मध्ये पैसे घेऊन हक्क सोडला. उरलेल्यानं दाद मागायची कुठे? इंग्लंडच्या राजाकडे. त्याला वेल्समध्ये फूट पाडण्याची तसदी घ्यावीच लागत नव्हती. दर पिढीत एखादा नाराज भाऊ आपणहून दारात येत होता.

डाविदचं बालपणही याच भाऊबंदकीत गेलं. त्याचे वडील ग्रिफिद, हा कायदा बाजूला सारून, अनौरस म्हणून डावलले गेले आणि सावत्र भावाच्या कैदेत पडले. 1241 मध्ये आईनं त्यांच्या सुटकेसाठी इंग्रज राजाशी सौदा केला आणि डाविदला ओलीस दिलं. राजानं ग्रिफिदना सोडवलं खरं, पण ठेवलं लंडनच्या टॉवरमध्ये! 1244 मध्ये चादरींचा दोर करून उतरताना दोर तुटला आणि ते कोसळून मेले.

मग 1282 मध्ये डाविद एडवर्डवर का उलटला? एडवर्डकडून बक्षीस मिळालेल्या जमिनीवरून त्याला चेस्टरच्या इंग्रज कोर्टात खेचलं गेलं. जमीन वेल्सची, तर कायदाही वेल्सचाच हवा, असं त्याचं म्हणणं. गंमत बघा, आयुष्यभर भावाविरुद्ध गेलेला माणूस अखेर कायद्यासाठी पेटून उठला. लेवेलिनही लढाईत उतरला आणि डिसेंबरमध्ये मारला गेला. जून 1283 मध्ये डाविदला पकडून दिलं ते वेल्सच्याच माणसांनी. ऑक्टोबरमध्ये श्रूजबरीत त्याचे तुकडे केले गेले.

राजघराणं संपलं, पण कारभाऱ्याचं टिकलं! लेवेलिनच्या आजोबांचा कारभारी होता एडनिव्हेद. त्याच्या वंशजांपैकी काही जण याच युद्धात एडवर्डच्या बाजूला होते. घराण्याची वतनं पुष्कळशी शाबूत राहिली. त्याच कुळातल्या रिस आणि ग्विलिम या भावांनी 1401 च्या गुड फ्रायडेला, शिबंदी चर्चमध्ये असताना, एडवर्डनं बांधलेला कॉन्वीचा किल्ला घेतला. माफी मिळवताना आपलेच नऊ साथीदार त्यांनी खुशाल राजाच्या हवाली केले.

त्यांचा पुतण्या ओवेन ट्यूडर. त्यानं लग्न कुणाशी केलं असेल? इंग्लंडच्या विधवा राणीशी! ओवेनचा नातू 1485 मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा रिस अप टॉमस हा तिथला बडा सरदार इंग्लंडचा राजा रिचर्ड तिसऱ्याला सोडून त्याच्याकडे आला. नातू जिंकला आणि हेन्री सातवा झाला. पुढे 1531 मध्ये रिसच्या नातवाचं डोकं उडवलं गेलं. आरोप राजद्रोहाचा, आणि राजा हेन्री सातव्याचा मुलगा.