रावेन्ना येथील पुसलेला पुरावा

इटलींतील रावेन्ना नगरीच्या वास्तू पाहण्यास जाणाऱ्यानें सान्त अपोल्लिनारे नुओव्हो या ख्रिस्ती मंदिराची दक्षिण भिंत नीट निरखावी, असें आम्हांस वाटतें. हें मंदिर एरिअसपंथी ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक (मृत्यु इ. स. ५२६) यानें बांधविलें. भिंतीवर रंगीत काचतुकडे जडवून राजवाड्याचें चित्र काढलें आहे. इ. स. ५४० मध्यें बायझंटाइन सैन्यानें नगर घेतलें. पुढें एरिअसपंथास पाखंड मानणाऱ्या कॅथलिकांकडे मंदिर गेलें. तेव्हां कमानींतील मनुष्याकृति उखडून त्या जागीं पडदे जडविण्यांत आले. त्या आकृति राजपरिवाराच्या होत्या, असें मानितात. तथापि खांबांवर आलेले त्यांचे हात तसेच राहिले व आजहि दिसतात. लेखांतील खाडाखोडीप्रमाणें वास्तूंतील खाडाखोडहि पुरावाच होय. ती दिसतांच मूळ काय होतें, हें संशोधकानें विचारलेंच पाहिजे.