पांढरे पडलेले प्रवाळ अजून जिवंत असतात

उन्हाळ्याच्या सुट्टीत लक्षद्वीपला जाऊन आलेल्यांच्या फोटोंत निळ्याशार पाण्याखाली कधी कधी पांढरीशुभ्र, फांद्याफांद्यांची झुडपे दिसतात. एखाद्या फोटोत त्यांवर जांभळी किंवा गुलाबी झळाळीही असते. पाहणाऱ्याला ते दृश्य मोहक वाटते, पण ते उपासमारीचे आहे. ती झुडपे म्हणजे प्रवाळ, आणि त्यांचा पांढरेपणा हे आजाराचे लक्षण.

प्रवाळ ही वनस्पती नव्हे आणि दगडही नव्हे. ती असंख्य चिमुकल्या प्राण्यांची वसाहत असते. हे प्राणी समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम घेऊन चुन्याचा सांगाडा बांधतात. त्यांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल मुक्कामाला असते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाची ऊर्जेची ९० टक्क्यांपर्यंत गरज यातूनच भागू शकते. प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंगही या पाहुण्याचाच असतो.

उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा पाणी एखाद्या अंश सेल्सियसने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की ही भागीदारी मोडते. तापलेल्या शैवालामुळे पेशींना घातक ठरणारे ऑक्सिजनचे रेणू तयार होऊ लागतात आणि प्रवाळ त्याला बाहेर काढतो. मग पारदर्शक मांसातून आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. काही जाती अशा वेळी प्रखर उन्हापासून बचाव करणारी रंगद्रव्ये जास्त तयार करतात. ती झळाळी त्यांचीच.

या अवस्थेत प्रवाळ मेलेला नसतो. पाणी वेळेत निवले तर शैवाल परतते, रंगही परततो. नाही निवले, तर प्रवाळ उपाशी मरतो आणि त्या सांगाड्यावर हिरवट-तपकिरी बुरशीसारखा थर चढतो.

लक्षद्वीपच्या समुद्रात पाणी सर्वाधिक तापते ते एप्रिल-मेमध्ये. पुढे मान्सूनचे ढग येतात, वारा-लाटा पाणी ढवळतात, तेव्हा ते उतरू लागते. म्हणजे वर्षातले सर्वांत कठीण आठवडे नेमके आपल्या सुट्टीचे! १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत तिथे मोठे विरंजन झाले. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती बेटांवरील दीर्घकालीन अभ्यासानुसार, १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के असलेले जिवंत प्रवाळांचे आच्छादन २०२२ मध्ये १९ टक्क्यांच्या आसपास आले. लाटांचा मारा अडवणारी भिंत आणि माशांचे घर, दोन्ही याच प्रवाळांची. ही बेटेही प्रवाळांच्याच चुऱ्यावर उभी आहेत.

मग तिथे स्नॉर्केलिंगला जाऊच नये का? समुद्र तापवण्याचे काम पर्यटकाचे फिन्स करत नाहीत, ते करते कोळसा आणि तेल जाळून वाढलेली उष्णता. पण तापाने फणफणलेल्या रुग्णाला धक्काबुक्की सोसत नाही. गोलघुमटासारखे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. फांद्यांचे प्रवाळ वाढतात भराभर, पण मोडतातही चटकन. दमल्यावर त्यांच्यावर क्षणभर टेकवलेला पाय कित्येक वर्षांची वाढ मोडू शकतो. फिन्सने उडालेली वाळू अंगावर बसली, तर ती झटकायला प्रवाळाला शक्ती खर्चावी लागते, आणि विरंजनात तीच नसते.

म्हणून प्रवाळांवर जाण्याआधी वाळूच्या तळावर तरंगण्याचा सराव करा. पोहण्याचा आत्मविश्वास नसेल तर लाइफ जॅकेट घाला, म्हणजे उभे राहण्याची वेळच येणार नाही. ओहोटीला, पाणी कंबरेइतकेच असताना प्रवाळांवर जाऊ नका. उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट उत्तम, कारण तेवढे सनस्क्रीन कमी लागते. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईने २०२१ पासून बंदी घातली आहे. मात्र सनस्क्रीन बदलल्याने विरंजन थांबेल असे समजू नका.

हात न लावण्यात आपलेही हित आहे. प्रवाळाच्या ओरखड्यात चुन्याचे बारीक कण आणि जंतू अडकतात, जखम चिघळते आणि भरायला वेळ घेते. ओरखडा उठलाच तर गोड्या पाण्याने आणि साबणाने चोळून धुवा, कण काढा. लाली पसरू लागली, सूज किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर थांबूच नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारा.

लक्षद्वीप दूर वाटत असेल तर मालवण आठवा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, जिथे आपण शे-दोनशे फोटो काढून येतो, तिथल्या प्रवाळांवरही विरंजनाची नोंद झालेली आहे. पुढच्या वेळी पाण्यात उतरण्यापूर्वी नाववाल्याला एवढे विचारा : "यंदा पोवळी पांढरी पडली आहेत का?" उत्तर हो असेल, तर ती वरूनच पाहा, आणि पाय वर ठेवा.