‘आराइश-ए-बलदा’ : दोन महायुद्धांच्या दरम्यान हैदराबाद संस्थानातील सार्वजनिक आरोग्य

प्रस्तावना

पाठ्यपुस्तकांत स्वच्छता हा विषय बहुधा वैयक्तिक सवयींच्या अंगाने येतो. हात धुवावेत, नखे कापावीत, अंगण झाडावे, असे त्याचे स्वरूप असते. या सवयी आवश्यकच आहेत. तथापि सार्वजनिक आरोग्याचा इतिहास पाहिला असता रोगराई हटण्यात जलाशय, नळ, गटारे, विहिरींचे कठडे आणि जन्ममृत्यूच्या नोंदी यांचा वाटा फार मोठा दिसतो. भालकीचा परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात दोन महायुद्धांच्या दरम्यान हे काम कसे झाले, कोणापर्यंत पोहोचले आणि कोणापर्यंत पोहोचले नाही, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

इंग्लंडमधील पद्धत

तुलनेसाठी त्या काळच्या इंग्लंडकडे पाहणे उपयुक्त ठरते. तेथे १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने पाणी, गटारे व कचरा यांची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आणि आरोग्य अधिकारी व सफाई निरीक्षक नेमणे बंधनकारक केले. १९१९ मध्ये स्वतंत्र आरोग्य मंत्रालय स्थापन झाले. त्याच वर्षीच्या गृहनिर्माण कायद्यामुळे शहरांच्या कडेने उपनगरे झपाट्याने वाढली. उपनगर कितीही लहान असो, तेथील आरोग्य अधिकारी दरवर्षी अहवाल देई. वर्षभरात किती जन्म झाले, किती अर्भके दगावली, घटसर्पाचे रुग्ण किती, किती घरांची तपासणी झाली, हे त्यात आकड्यांनिशी असे. हा अहवाल निवडून आलेल्या सदस्यांसमोर येत असल्यामुळे त्यावर प्रश्न विचारता येत.

पूर, प्लेग आणि इन्फ्लुएन्झा

हैदराबादेत सुधारणेची सुरुवात संकटातून झाली. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. त्यात सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असे मानले जाते. पूरनियंत्रणाची योजना करण्यासाठी १९०९ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी मुसी व ईसी या नद्यांवर जलाशय बांधण्याची शिफारस केली. त्याचबरोबर शहराला भुयारी गटारे हवीत, हेही सांगितले. १९११ मध्ये शहरात प्लेग पसरला. उंदीर व पिसवा यांच्यामार्फत प्लेग पसरतो, हे तोपर्यंत मुंबईतील संशोधनातून सिद्ध झाले होते. त्यामुळे अरुंद बोळ आणि हवा-उजेड नसलेली दाट वस्ती यांकडे प्रशासनाचे लक्ष वेधले गेले.

तिसरा तडाखा १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा. त्याच वर्षी पावसानेही दगा दिला होता. संस्थानाची लोकसंख्या १९११ मध्ये १ कोटी ३३ लाखांहून अधिक होती. १९२१ च्या जनगणनेत ती १ कोटी २४ लाखांच्या आसपास उतरली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजी सुमारे नऊ लाखांनी घटली, यावरून त्या काळातील मृत्यूचे प्रमाण लक्षात येते.

नावाचा अर्थ आणि कामाचे स्वरूप

१९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. उर्दूत त्याचे नाव ‘आराइश-ए-बलदा’ असे होते. ‘आराइश’ म्हणजे सजावट आणि ‘बलदा’ म्हणजे शहर. नाव शहराच्या शोभेचे असले तरी मंडळाचे बरेचसे काम आरोग्याचे होते. दाट वस्त्या पाडणे, रस्ते रुंद करणे, गटारे बांधणे आणि मल्लेपल्ली, मलकपेठ यांसारख्या भागांत हवेशीर घरे उभारणे, ही कामे मंडळाने केली. चारमिनारकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पत्थरगट्टीची दगडी कमानींची दुकाने ही त्याच काळातील आहेत.

पाण्याच्या बाबतीत प्रगती अधिक ठोस होती. १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाला. हे जलाशय पूर अडवत आणि शहराला पिण्याचे पाणीही देत. मुसीच्या काठी उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत उभी राहिली. चादरघाट या उपनगराची वेगळी नगरपालिका १९३३ मध्ये हैदराबादेत विलीन झाली आणि शहर व उपनगर एका कारभाराखाली आले.

तथापि वस्त्या पाडताना दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, हे विसरता येत नाही. बोळ मोकळा झाल्याने रोगराई कमी होते. पण त्या बोळात राहणाऱ्याचे घर आणि शेजार दोन्ही जातात. नवे घर भाड्याने घेण्याची ऐपत नसलेला माणूस दुसऱ्या दाट वस्तीत जातो. मुंबईत १८९८ पासून काम करणाऱ्या सुधारणा ट्रस्टलाही याच प्रश्नाला तोंड द्यावे लागले होते.

राजधानीबाहेर

बीदर जिल्ह्याला पाण्याची जुनी परंपरा आहे. बहमनी काळात नौबाद येथे खोदलेला करेज हा जमिनीखालचा जलमार्ग सुमारे तीन किलोमीटर लांबीचा असून त्यावर ठिकठिकाणी हवा-उजेडाच्या विहिरी आहेत. भूजल उताराने वाहते ठेवून वस्तीपर्यंत आणण्याची ही योजना पंधराव्या शतकातील आहे. परंतु विसाव्या शतकात राजधानीसाठी जशी धरणे आणि नळ झाले, तसे तालुक्यांसाठी झाले नाही. गावे आड, बारव व ओढे यांवरच अवलंबून राहिली. साथ आली की लोक घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहत.

भाषेचाही प्रश्न होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून देण्यात आले आणि पुढे वैद्यकही उर्दूतून शिकवले गेले. देशी भाषेत आधुनिक विज्ञान शिकवता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. परंतु संस्थानातील सुमारे निम्मे लोक तेलुगू, चतुर्थांश मराठी आणि त्याखालोखाल कन्नड बोलणारे होते. त्यामुळे डॉक्टरांच्या परिभाषेतील ज्ञान गावकऱ्यांच्या बोलीत उतरवण्याचे काम शिल्लकच राहिले. आज सीमाभागात ते काम शिक्षकाकडेच येते.

नारूचा धडा

बारवेतून पसरणारा नारू हे या संदर्भातील सर्वांत बोलके उदाहरण होय. पायाला नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात शिरला की जखमेतून कृमीची पिले पाण्यात जातात. ती सूक्ष्म जलजीवांच्या पोटात वाढतात. तेच पाणी न गाळता प्यायलेल्या माणसाच्या पायातून सुमारे वर्षभराने नारू बाहेर पडतो. या रोगावर लस नाही आणि तो बरा करणारे औषधही नाही.

१९३० च्या दशकात शेजारच्या म्हैसूर संस्थानातील चित्रदुर्ग भागात व्ही. एन. मूर्ती यांनी विहिरींत मासे सोडून हे जलजीव नष्ट करण्याचे प्रयोग केले. देशव्यापी मोहीम मात्र १९८० च्या दशकात सुरू झाली. तेव्हा नारूग्रस्त असलेल्या सात राज्यांत कर्नाटक व महाराष्ट्र ही दोन्ही होती. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून कठड्याच्या विहिरी व हातपंप देणे, पाणी गाळून पिणे आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणे, अशा साध्या साधनांवर मुख्यतः ही लढाई जिंकली गेली. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला.

मैला वाहणारी माणसे

जेथे भुयारी गटारे पोहोचली नाहीत तेथे टोपलीचे संडास राहिले आणि मैला काही ठरावीक जातींच्या डोक्यावर राहिला. म्हणजेच गटार बांधणे हा आरोग्याइतकाच मानवी प्रतिष्ठेचा प्रश्न होता. कर्नाटकात मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी १९७० च्या दशकात डोक्यावरून मैला वाहण्यास बंदी घातली. केंद्रीय कायदे १९९३ व २०१३ मध्ये आले. गटारात उतरणाऱ्या कामगारांचे मृत्यू त्यानंतरही थांबलेले नाहीत.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, इन्फ्लुएन्झा आणि प्लेगचा तडाखा गरिबांना अधिक बसला. नंतरच्या व्यवस्थेतही भेद झाला. शुद्ध पाणी राजधानीत आधी आले, तालुक्यात उशिरा आणि दलित वस्तीत बहुधा सर्वांत शेवटी. म्हणून एखाद्या गावात अतिसार पसरला असता तेथील लोक अस्वच्छ आहेत, असा निष्कर्ष विद्यार्थ्यांनी काढू नये. पाणी कोठून येते, नळ आणि मोरी यांत अंतर किती, मैला कोठे जातो व तो कोण उचलतो, हे प्रश्न त्यांनी आधी विचारावेत. गावातील जुन्या आड-बारवांची नोंद, नगरपालिकेच्या दप्तरातील जन्ममृत्यूचे आकडे आणि आपल्या गल्लीतील गटारांचा नकाशा, एवढ्या साहित्यावरही महाविद्यालयात उत्तम प्रकल्प उभा राहू शकतो. तो मराठी, कन्नड व उर्दू या तिन्ही भाषांत लिहून गावासमोर मांडला, तर इंग्लंडमधील आरोग्य अधिकाऱ्याच्या वार्षिक अहवालाचा जो उपयोग होई, तो आपल्या तालुक्यातही काही अंशी होऊ शकेल.