कागद आणि माहेर

दिवा-रोहा गाडीने नागोठणे सोडलं की पुढे निडी. तिथे माझं माहेर. भात निघालं की त्याच जमिनीत वाल, हा तिथला शिरस्ता. यंदा गेले तर वालाचं नावही कोणी काढलं नाही. सगळी बोलणी एका कागदाची.

भावाला जमिनीचा एक तुकडा विकायचाय. त्यासाठी भाचीने हक्कसोडपत्रावर सही करायची. लग्न होऊन ती रोह्याला असते. "आधी मला विचारलंत का?" एवढंच म्हणाली नि पेन खाली ठेवलं.

मला नवल वाटलं ते भाच्याचं. पुण्यात नोकरीला आहे. बायकोच्या बरोबरीने पोळ्या लाटतो, लेकीला न्हाऊ घालतो. मी त्याचं कौतुक सांगत फिरते. तोच म्हणाला, "आत्या, ताईला सासरी सगळं आहे की! माहेरची माया पैशात मोजायची का?"

स्वीडनमध्ये १९७४ पासून बाळासाठीची रजा बापालाही मिळते. आमचा भाचा स्वयंपाकघरात स्वीडनचा आणि सातबाऱ्यावर निडीचा!

पण तो एकटाच असा नाही. २०२२ साली प्यू या अमेरिकी संस्थेचा अहवाल आला. सुमारे ३० हजार भारतीयांना प्रश्न विचारले होते. वारसाहक्क मुलामुलीला सारखा हवा, असं ६४ टक्के म्हणाले. पण नोकऱ्या कमी असल्या तर आधी पुरुषाला, याला ५५ टक्क्यांचा पूर्ण होकार. ६१ देशांचा मध्य काढला तर हा आकडा १७. आणि आपली तरुण मंडळी या बाबतीत वडीलधाऱ्यांपेक्षा फारशी निराळी नाहीत.

कायदा तर केव्हाच पुढे गेलाय. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळून. २००५ च्या दुरुस्तीने देशभर, लग्न झालेल्यांनाही दिला. त्या वेळी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं.

मी २००९ साली सही केली. आई म्हणाली, "माहेर राहू दे बाई." साडी-चोळी मिळाली, गोडाचं जेवण झालं. आणि माहेर राहिलं, खोटं कशाला बोलू! भाऊ दर भाऊबीजेला पेणला येतो, जाताना माझ्या हातचे पोहे खाऊन जातो.

म्हणून भाचीला काय सांगावं सुचेना. रात्री अंथरुणं घालताना तीच म्हणाली, "आत्या, तू तेव्हा नाही म्हणाली असतीस, तर बाबा भाऊबीजेला आले असते का गं?"

मला उत्तर देता आलं नाही.

रविवारी भावाला फोन केला आणि तिचा प्रश्न त्यालाच विचारला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "कागद राहू दे सध्या."

तुकड्याचा सौदा अजून अडलेलाच आहे.