उन्हात घोडा मागे पडतो

वेल्समधल्या लानउर्टिड वेल्स या छोट्या गावात १९८०पासून माणूस आणि घोडा यांची शर्यत लागते. डोंगरातली, चढउतारांची, सुमारे ३५ किलोमीटरची वाट. लांब पल्ल्यात माणूस घोड्याला हरवेल का, या पबमधल्या वादातून ती सुरू झाली. दोन दशकांहून अधिक काळ धावपटू हरतच राहिले. २००४ साली मात्र ह्यू लॉब २ तास ५ मिनिटं १९ सेकंदांत पोहोचला, पहिल्या घोड्याच्या दोनेक मिनिटं आधी. साठत गेलेलं २५ हजार पौंडांचं बक्षीस त्यानं नेलं.

पुढे लुईस हॅल्सी आणि केलेब ब्राइस या संशोधकांनी अशा शर्यतींच्या नोंदी तपासल्या. पारा चढला की वेग दोघांचाही उतरतो, पण घोड्याचा जास्त. मला ही नोंद विजयापेक्षा मोलाची वाटते.

धावताना स्नायू तापतात आणि ती उष्णता बाहेर टाकावीच लागते. कुत्रा किंवा हरीण धापा टाकून अंग थंड करतं. चौखूर धावताना मात्र श्वास पावलांच्या तालाशी बांधला जातो, मग भराभर धापा टाकणार कशा? माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आहेत, अंगावर दाट केस नाहीत, आणि श्वास पावलांना इतका जखडलेला नाही. घाम घोड्यालाही भरपूर येतो, पण त्या अवाढव्य देहाला वजनाच्या मानानं कातडी कमी पडते.

आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातले सान शिकारी याच बळावर चाळीसएक अंशांच्या उन्हात कुडू हरणाचा तासन्‌तास पाठलाग करत, ते थकून उभं राहीपर्यंत. संशोधक लुई लीबेनबर्ग यांनी अशा शिकारी प्रत्यक्ष पाहून नोंदवल्या आहेत. हरीण दिसेनासं झालं तरी माग काढता यायला हवा. त्यामुळे या शिकारीत पायांइतकंच डोकंही पळतं.

मात्र ‘माणूस हा सर्वश्रेष्ठ धावपटू’ हा दावा मला पटत नाही. अलास्काच्या इडिटारॉड शर्यतीत स्लेज ओढणारे कुत्रे सुमारे दीड हजार किलोमीटरचं अंतर नऊ-दहा दिवसांत कापतात. तिथे कोणताही माणूस त्यांच्या जवळपास फिरकणार नाही. पण तिथेही दिवसा हवा जरा उबदार झाली की चालक कुत्र्यांना विसावा देतात आणि गाडी रात्रीच्या गारठ्यात हाकतात.