छायाचित्रावर हक्क कोणाचा?

वर्तमानपत्र उघडताच वाचकाची नजर प्रथम छायाचित्राकडे जाते. पूर, दुष्काळ, युद्ध, निवडणूक अशा घटना छायाचित्रांद्वारे लोकांपर्यंत पोहोचविण्याच्या कार्यास वृत्तछायाचित्रण म्हणतात. या व्यवसायाच्या इतिहासात ‘मॅग्नम फोटोज’ या सहकारी संस्थेचे स्थान महत्त्वाचे आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतील सचित्र साप्ताहिके छायाचित्रकारांना कामगिरीवर पाठवीत. काढलेल्या छायाचित्रांवर बहुधा साप्ताहिकाचाच हक्क असे. चित्राचा कोणता भाग कापावा, त्याखाली कोणता मजकूर छापावा, हे संपादक ठरवीत. चित्राची कड कापली, तर त्यातील एखादी व्यक्ती नाहीशी होते. खालची ओळ बदलली, तर अर्थच पालटतो. जिवावर उदार होऊन चित्र टिपणाऱ्यास मात्र त्याबाबत फारसा अधिकार नसे.

ही स्थिती बदलण्यासाठी १९४७ साली रॉबर्ट कापा, आँरी कार्तिए-ब्रेसाँ, डेव्हिड सीमोर, जॉर्ज रॉजर आदींनी मॅग्नमची स्थापना केली. दूध उत्पादक जसे सहकारी संस्था उभारून आपल्या दुधाची विक्री स्वतः करतात, तसे येथे छायाचित्रकारच संस्थेचे मालक झाले. मिळकतीचा काही भाग कार्यालयाच्या खर्चासाठी दिला जाई. चित्राचा स्वामित्वहक्क मात्र ते टिपणाऱ्याकडेच राही. त्यामुळे एकच चित्र अनेक देशांतील नियतकालिकांना देता येई आणि स्वतः निवडलेल्या विषयावर दीर्घकाळ काम करणे शक्य होई.

हक्काबरोबर जबाबदारीही येते. १९४५ साली रॉजर यांनी जर्मनीतील बेर्गेन-बेल्सेन छळछावणीची छायाचित्रे काढली. मृतदेहांची आकर्षक मांडणी आपण कॅमेऱ्यातून शोधत आहोत, हे जाणवताच ते हादरले. यापुढे युद्धाचे चित्रण करायचे नाही, असा निश्चय त्यांनी केला. दुसऱ्याचे दुःख टिपताना त्याचा मान राखणे, हा या व्यवसायाचा कठीण धडा होय.

या कार्याचा धोकाही मोठा आहे. १९५४ साली व्हिएतनाममध्ये भूसुरुंगाच्या स्फोटात कापा यांचा मृत्यू झाला. १९५६ साली सुएझ येथे सीमोर गोळीबारात ठार झाले.

मॅग्नमचा भारताशीही संबंध आहे. जानेवारी १९४८ मध्ये कार्तिए-ब्रेसाँ यांनी महात्मा गांधींचे अखेरचे दिवस व त्यांची अंत्ययात्रा टिपली. पुढे त्यांनीच रघु राय यांचे नाव मॅग्नमसाठी सुचविले. १९८४ सालच्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर राय यांनी टिपलेले, दफन होत असलेल्या अनोळखी बालकाचे छायाचित्र जगभर पोहोचले. दुर्घटनेची भीषणता त्या एका चेहऱ्यातून लोकांना समजली.

आज प्रत्येकाच्या हाती कॅमेरा असलेला मोबाइल आहे आणि संगणकाद्वारे खोटी चित्रेही सहज तयार होतात. म्हणूनच छायाचित्र कोणी, कोठे व केव्हा काढले, हे विचारणे सुजाण वाचकाचे कर्तव्य ठरते. चित्राखालील छायाचित्रकाराचे नाव हा त्याचा हक्क आहे, तसेच त्या चित्राच्या सत्याची जबाबदारी घेणारी ती सहीही आहे.